पाटल्या सोडवा, मग ग्राफीनचं बोलू

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. वय ४६. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतात, हातात महिना ४८ हजार येतात. पत्नी खासगी बालवाडीत शिकवतात, त्यांचे ९ हजार. जुळे सोलापुरात घर आहे, त्यावर ९ लाखांचं कर्ज बाकी. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. पत्रातला मुख्य मजकूर असा:

‘आमच्या कारखान्यातले आणि शेजारच्या युनिटमधले आम्ही सहा जण मिळून शेअरचा अभ्यास करतो. ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) आणि कार्बन फायबरचं साहित्य बनवणारी एक एसएमई (छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारातली) कंपनी आम्हाला सापडली. ड्रोन, संरक्षण, इलेक्ट्रिक गाड्या, सगळीकडे हाच माल लागणार आहे. एका मोठ्या कंपनीशी एमओयूही (प्राथमिक सामंजस्य करार) झाला आहे. मी १,००० शेअरचा एक लॉट २३० ला घेतला, दुसरा १९० ला. आता भाव ११५ आहे. आणखी दोन लॉट घेऊन सरासरी खाली आणावी का? तीन वर्षांत पाचपट झाले तर मुलीचं इंजिनिअरिंग त्यातूनच होईल. पैशांची सोय आहे. पहिला लॉट मुलीच्या नावाची आरडी मोडून घेतला होता. चार महिन्यांपूर्वी पत्नीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या ठेवून अडीच लाख घेतले, त्यातून ९६ हजारांचा पॉलिसीचा हप्ता भरला आणि बाकीचे दुसऱ्या लॉटला लावले. अजून तीन तोळ्यांचं गंठण घरात आहे.’

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो: आणखी एकही लॉट घेऊ नका, आणि गंठण घरातून बाहेर काढू नका.

आता कारण. तुमच्या खरेदीची सरासरी २१० आहे. ११५ वरून तिथे पोचायला भाव ८३ टक्के चढावा लागेल. आणखी दोन लॉट घेतले तर सरासरी १६३ च्या आत येते आणि ४१ टक्के वाढ पुरते. कागदावर हे सोपं दिसतं, म्हणूनच माणूस भुलतो. पण त्यासाठी आणखी २ लाख ३० हजार घालावे लागतात, तेही शेकडा सव्वा रुपया महिना व्याजाने. म्हणजे वर्षाला १५ टक्के. शेअर जागचा हलला नाही तरी तुम्ही १५ टक्के मागे पडता. आणि तीन वर्षांत पाचपट म्हणजे दरवर्षी ७१ टक्के चक्रवाढ. मुलीची फी अशा अपेक्षेवर टांगायची नसते.

नव्या साहित्याच्या धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्या सहा जणांच्या चर्चेत ‘किती काळ’ हा प्रश्न कुठे दिसला नाही. ग्राफीन मँचेस्टरमध्ये २००४ साली वेगळं केलं गेलं, २०१० मध्ये त्याला नोबेल मिळालं. वीस वर्षं उलटली, तरी आज ते मुख्यतः रंग, रबर, कंपोझिट (दोन-तीन पदार्थ एकत्र करून बनवलेलं साहित्य) अशा मालात चिमूटभर मिसळलं जातं. अप्लाइड ग्राफीन मटेरियल्स ही ब्रिटिश कंपनी २०१३ मध्ये लंडनच्या छोट्या कंपन्यांच्या बाजारात आली होती, २०२३ मध्ये तिचा धंदा किरकोळ किमतीत विकला गेला. कार्बन फायबर जपानच्या टोरेने १९७१ मध्ये बाजारात आणलं. सुरुवातीला ते मासेमारीच्या काठ्या आणि गोल्फच्या दांड्यांत गेलं. वजनाने निम्मं कंपोझिटचं असलेलं बोइंग ७८७ ग्राहकाच्या हातात पडलं २०११ मध्ये. मधली चाळीस वर्षं चाचण्या, प्रमाणपत्रं आणि किंमत खाली आणण्यात गेली. माल उत्तम होता, पण ज्यांनी पहिल्या बातमीवर उधारीचे पैसे लावले असतील त्यांना त्याचा उपयोग झाला नसता.

एमओयूचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या जीटी अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीजकडे एमओयूपेक्षा कितीतरी भक्कम कागद होता. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने तिच्याशी सफायरच्या (कृत्रिम नीलमाच्या) काचेचा करार केला आणि ५७ कोटी ८० लाख डॉलर आगाऊ द्यायचं कबूल केलं. छोटे गुंतवणूकदार हिशेब मांडत बसले, की इतके कोटी फोन आणि प्रत्येकामागे इतके डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये नवा आयफोन आला, त्याच्या पडद्यावर सफायर नव्हतं. ६ ऑक्टोबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ११ डॉलरचा शेअर त्याच दिवशी एक डॉलरच्या खाली गेला. तुमच्याच धंद्यात बघा, परदेशी पार्टीला सॅम्पल टॉवेल आवडला म्हणून मालक कंटेनर भरल्याची विक्री वहीत लिहीत नाहीत.

तुम्ही हिशेबाची माणसं आहात, म्हणून कंपनीचे जे आकडे तुम्ही सोबत पाठवलेत तेच पुन्हा बघा. विक्री ३८ कोटी, येणं २४ कोटी. म्हणजे साडेसात महिन्यांची विक्री उधारीत अडकली आहे. नफा ५ कोटी दाखवला आहे, पण धंद्यातून आलेली रोकड उणे आहे. अशा पार्टीला तुमच्या कारखान्यातून उधारीवर माल सोडायची वेळ आली तर तुम्ही स्वतःच मालकांना थांबवाल. त्यातून हा एसएमईचा शेअर. निकाल सहा महिन्यांनी येतात, विकायचा तर अख्खा लॉटच विकावा लागतो, आणि खालचं सर्किट (एका दिवसात भाव पडायची ठरलेली मर्यादा) लागलं की घेणारा सापडत नाही. सोलापूरने हे चढउतार जवळून पाहिले आहेत. बालाजी अमाइन्स तर आपल्या डोळ्यांसमोरची रसायनांची कंपनी, खरा कारखाना आणि खरा नफा असलेली. तिचा शेअर २०२१ मध्ये पाच हजारांच्या वर गेला आणि पुढे दोन हजारांच्याही खाली आला. तुमच्या कंपनीकडे तर अजून रोकडही नाही.

शेअरचं इतकं पुरे. तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट ‘९६ हजारांचा पॉलिसीचा हप्ता’ ही आहे. तुम्ही ती ओघात लिहिली, जणू लाइटचं बिल. पाटल्या गहाण पडायला शेअर जितका कारणीभूत आहे तितकाच हा हप्ताही.

पॉलिसी २०२२ ची आहे. बारा वर्षं भरायचं, विसाव्या वर्षी २४ लाख मिळणार. बँकेतल्या साहेबांनी ‘ही एफडीच आहे, वर विमा फुकट, पैसे दुपटीहून जास्त’ असं सांगितलं, असं तुम्ही लिहिता. ही एफडी नाही. एफडी मोडली तर व्याज थोडं कापलं जातं. ही मोडली तर मुद्दलच निम्मं जातं. आणि दुप्पट होतात हे खरं असलं तरी किती वर्षांत ते साहेबांनी सांगितलं नाही. साडेअकरा लाख भरून वीस वर्षांनी २४ लाख, हा परतावा साधारण ५ टक्के पडतो. हेच ९६ हजार बारा वर्षं पीपीएफमध्ये टाकून पुढे तसेच राहू दिले असते, तर आजच्या ७.१ टक्के दराने विसाव्या वर्षाअखेर ३२ लाखांच्या आसपास झाले असते. मधल्या आठ लाखांवर पाणी सोडायला लावून त्याला ‘हमी’ म्हणून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पगारदार माणूस काउंटरवर एफडी करायला जातो आणि बारा वर्षांचं ओझं घेऊन घरी येतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

त्या ‘फुकट’ विम्याचं बघू. पॉलिसीवर विम्याची रक्कम ९ लाख ६० हजार आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींच्या हातात जवळजवळ दहा लाख पडतील. त्यातले ९ लाख घराच्या कर्जाला गेले, उरले साठ हजार. तुमचा घरखर्चच महिना ३० हजार आहे. दोन महिने. पुढे मुलीची इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि मुलाची दहावी वहिनींनी ९ हजारांत काढायची, तेही पाटल्या दुसऱ्याच्या तिजोरीत, आणि तुमच्या बेताप्रमाणे झालं तर गंठणही तिथेच असताना. सहा जणांच्या चर्चेत ग्राफीनचं भविष्य निघालं, तसं हे एकदा घरी वहिनींसमोर काढा. पाटल्या कशासाठी ठेवल्या हे त्यांना नीट माहीत आहे का, हे पत्रावरून कळत नाही.

म्हणून सगळ्यात आधी टर्म इन्शुरन्स. किमान ७५ लाख, वयाच्या ६२ पर्यंत, परतावा-बिरतावा काही नसलेला साधा. कर्ज फेडून उरलेल्या ६६ लाखांवर ६ टक्क्यांनी महिना ३३ हजार सुटतात, घर चालतं. तुमच्या वयाला हप्ता वर्षाला २० ते २५ हजारांच्या घरात येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटी लागत नाही, ते एक बरं झालं. तंबाखू किंवा मावा खात असाल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. हप्ता चांगलाच वाढेल, वाढू दे. लपवलंत तर क्लेमच्या वेळी वहिनींना कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. मेडिक्लेमचा पत्रात उल्लेखच नाही. नसेल तर चौघांचा मिळून तोही याच वर्षी घ्या.

पैसे कुठून आणायचे? दोन्ही लॉट विका. स्वतःला एवढंच विचारा, की आज हातात शेअर नसते तर पाटल्या ठेवून ११५ ला हे घेतले असते का? आकडे पाहिल्यावर तुम्ही नाहीच म्हणाल. २ लाख ३० हजार येतील. व्याजासकट कर्ज आज २ लाख ६२ हजारांच्या आसपास आहे, तेव्हा बोनसमधले तीसेक हजार घाला आणि पाटल्या सोडवा. वर्षाचं साडेसदतीस हजार व्याज वाचतं आणि टर्मचा हप्ता त्यातच भागतो. विकताना किंमत ठरवूनच ऑर्डर टाका. एसएमईत उलाढाल कमी असते, दोन्ही लॉट एका दिवसात जातीलच असं नाही. तोटा झाला तो मुदतीत रिटर्न भरून दाखवा. पुढची आठ वर्षं शेअरच्या नफ्यातून वजा करता येतो.

मुलीच्या फीचं आता. पाचपटीची घाई त्यासाठीच होती, आणि ती घाई बहुधा गरजेचीच नव्हती. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि खासगी विद्यापीठं यात बसत नाहीत. तुम्हा दोघांच्या हातात येणारा पगार वर्षाला सात लाखांच्या आत आहे. तुमचा प्रवर्ग पत्रात लिहिलेला नाही, पण यातल्या एखाद्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाचं प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर रांग किती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. सवलत लागू होत नसेल तर साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळतं. मुलगी कमवायला लागल्यावर ते फेडेल, सोन्याच्या कर्जाहून ते स्वस्तही पडतं.

राहिली ती पॉलिसी. इथे तुम्हाला चारही बाजूंनी ‘सरेंडर करा’, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे घ्या, असं ऐकायला मिळेल, पण थांबा. चार हप्ते, ३ लाख ८४ हजार, भरून झाले आहेत. तुमची पॉलिसी निघाली त्या वेळच्या जुन्या नियमाने आज सरेंडर केलं तर निम्मे, म्हणजे १ लाख ९० हजार हातात येतील. त्यापेक्षा पेड-अप करा: पुढचे हप्ते बंद, पॉलिसी लहान होऊन चालू राहते. बारापैकी चार हप्ते भरलेत, त्या प्रमाणात शेवटी आठ लाख मिळत असतील तर आज सोडायच्या १ लाख ९० हजारांवर तो ९ टक्क्यांच्या वरचा परतावा पडतो. इतका तुम्हाला आज खात्रीने कुठे मिळणार नाही. उलट उरलेले आठही हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या पैशांवर साधारण सहा टक्केच पडतात. पीपीएफ त्याहून बरं. पेड-अप केलं की महिना आठ हजार मोकळे होतात, त्यातले पहिले सहा महिने घरात अडीनडीचा पैसा म्हणून बँकेत ठेवा, मग पीपीएफ.

क्रम मात्र चुकवू नका. पेड-अप केल्यावर विमाही तिसऱ्या हिश्शावर येतो, म्हणून टर्मची पॉलिसी हातात पडल्यावरच तो अर्ज द्या. आणि आठ लाख हा मी प्रमाणाने काढलेला आकडा आहे. कंपनीकडून पेड-अपची रक्कम ईमेलवर लेखी मागवा, शाखेतल्या साहेबांचं तोंडी उत्तर धरू नका. सहा लाखांच्या खाली निघाली तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, तेव्हा ते पत्र मला पाठवा आणि तोवर कुठल्याही फॉर्मवर सही करू नका.