कुत्रा, मांजर आणि भिंतभर पुस्तकं घेऊन जर्मनीला येताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की १ ऑक्टोबरला फ्रँकफर्टजवळ नोकरीवर रुजू व्हायचंय, नवरा दोन-तीन महिन्यांनी मागून येणार, घरात एक इंडी कुत्रा (आमच्या सांगलीकडे सरळ गावठीच म्हणतात), एक मांजर आणि भिंतभर पुस्तकं, यातलं काय आणू नि काय ठेवू, आणि शेवटी "ताई, तिकडे वाचन होतं का हो, सध्या काय वाचताय?" मी हायडेलबर्गला राहते, कुत्रा पुण्याहून आणलेला आहे, मांजर इथल्या शेल्टरमधली, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकते. लांबलचक होणारे, चहा घेऊनच बस.

पहिली गोष्ट, सगळा प्लॅन जॉइनिंगच्या तारखेवरून मांडू नकोस, कुत्र्याच्या रक्ततपासणीच्या तारखेवरून मांड. पुस्तकं नंतर कधीही येतात, कुत्र्याचं तसं नाही. युरोपियन युनियनच्या लेखी भारत रेबीजच्या बाबतीत भरवशाच्या देशांच्या यादीत नाही, म्हणून आपल्याला जास्तीची टेस्ट लागते. क्रम असा, आधी मायक्रोचिप (१५ आकडी, आयएसओवाली), मग रेबीजचं इंजेक्शन, मग कमीत कमी ३० दिवस थांबायचं, मग रक्त काढून टायटर टेस्टला (रक्तात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी किती तयार झाल्यात ते बघणारी तपासणी) पाठवायचं, ती लॅब युरोपियन युनियनने मान्य केलेलीच हवी, रिझल्ट ०.५ किंवा त्याच्या वर यायला हवा, आणि रक्त काढल्याच्या दिवसापासून पुढे पूर्ण ३ महिने. रिझल्ट हातात आला त्या दिवसापासून नाही हं, रक्त काढलं तिथून. मांजरालाही हेच सगळं, शब्दाला शब्द.

आता तू लिहिलंयस की रेबीजचं इंजेक्शन जानेवारीत झालंय आणि चिप अजून बसवायचीय. मग ते जानेवारीचं इंजेक्शन यात धरलंच जात नाही, चिपच्या आधी दिलेलं मोजत नाहीत. म्हणजे आत्ता मेच्या मध्यात चिप आणि इंजेक्शन एकाच दिवशी उरकलंस तरी रक्त जूनच्या मध्यात, आणि तीन महिने संपणार सप्टेंबरच्या मध्याला. १ ऑक्टोबर जमतंय, पण मध्ये पंधरा दिवसांचीच जागा आहे. टायटर कमी आला तर परत इंजेक्शन, परत रक्त, परत तीन महिने, मग ऑक्टोबर विसर. म्हणून हे वाचून झाल्यावर पहिला फोन व्हेटला कर, पॅकर्सला नको.

दुसरी अडचण अशी की प्राणी मालकाच्या प्रवासापासून ५ दिवसांच्या आत यायला हवा. पाच दिवस आधी किंवा नंतर चालतं, लेखी अधिकारपत्र देऊन दुसऱ्या कुणाबरोबर आणलेलंही चालतं, पण तू ऑक्टोबरला आलीस आणि कुत्रा आरामात डिसेंबरला पाठवला तर ती व्यापारी वाहतूक धरतात, त्याचे कागद वेगळे, नियम वेगळे, डोकेदुखी वेगळी. खरं सांगू, मी तुझ्या जागी असते तर कुत्रा नि मांजर नवऱ्याबरोबरच आणले असते. कागद पहिल्यापासून त्याच्या नावाने करा, तो येईल तेव्हा ते येतील, टायटरला भरपूर वेळ मिळेल, आणि तोपर्यंत तू इथे असं घर शोध जिथे प्राणी चालतात. पहिले दोन महिने बहुतेक जण फर्निश्ड खोलीतच काढतात, तिथे कुत्रा ठेवू देणारा घरमालक मिळणं म्हणजे नशीबच.

शेवटच्या आठवड्यातलं काम म्हणजे सरकारी हेल्थ सर्टिफिकेट, ते अ‍ॅनिमल क्वारंटाइनच्या ऑफिसातून घ्यायचं, तुम्हाला मुंबईचं पडेल. युरोपात शिरताना ते १० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही, त्यामुळे खूप आधी करून ठेवायची हौस इथे कामाची नाही. विमानाचं म्हणशील तर लुफ्तान्सामध्ये केबिनमध्ये बॅगेसकट ८ किलोपर्यंतच नेता येतं, म्हणजे मांजर तुमच्या पायाशी आणि कुत्रा खाली होल्डमध्ये. पिंजरा इतका मोठा हवा की त्याला आत नीट उभं राहता आणि वळता आलं पाहिजे. तो पिंजरा आत्ताच घ्या आणि घरात उघडा ठेवा, त्यातच जेवायला द्या, झोपेचं औषध अजिबात देऊ नका, कुणी कितीही म्हटलं तरी. फ्रँकफर्टला उतरल्यावर कस्टमच्या लाल चॅनेलमधून जायचं, चिप वाचतात, कागद बघतात. आणि तुझ्या बहिणीच्या पगबद्दल तू मध्येच विचारलंयस, चपट्या नाकाची कुत्री बऱ्याच एअरलाइन्स होल्डमध्ये घेतच नाहीत, तिला आधी एअरलाइनला विचारायला सांग.

घराचं. "कुत्रे-मांजरं चालणार नाहीत" असं सरसकट छापील कलम भाडेकरारात टाकलं तर ते टिकत नाही, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच दिलाय, प्रत्येक वेळी परिस्थिती बघून ठरवायला हवं म्हणून. वाचायला छान वाटतं, पण एका घरासाठी पन्नास अर्ज आलेले असताना मालक कारण सांगत बसत नाही, दुसऱ्याला देतो आणि मोकळा होतो. लपवू मात्र नकोस. आम्ही अर्जाबरोबर कुत्र्याचा फोटो आणि अर्ध्या पानाची माहिती जोडायचो, वय किती, नसबंदी झालीय, भुंकतो किती, विमा आहे. हसू येईल तुला पण त्याचा उपयोग होतो. विमा म्हणजे कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर त्याची भरपाई देणारा, बर्लिन, हॅम्बुर्ग अशा काही राज्यांत तो सक्तीचाच आहे, इतरत्र नसला तरी घे, घरमालकाला धीर येतो. कुत्र्यावर कर पण आहे, नगरपालिकेचा, दर शहरागणिक वेगळा, बर्लिनला वर्षाला १२० युरो, म्युनिकला १००. मांजर बाई फुकट.

डॉक्टरचा खर्च आधीच मनात धरून ठेव. जनावरांच्या डॉक्टरांची फी इथे सरकारी दरपत्रकाने ठरते, नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बदललं आणि चांगलंच वाढलं. नुसतं तपासायचे २३.६२ युरो, वर टॅक्स, आणि हा एकपट दर, डॉक्टर तिपटीपर्यंत लावू शकतात, रात्री-बेरात्री इमर्जन्सीला गेलं तर चौपटीपर्यंत आणि वर ५० युरो वेगळे. आमच्या मांजरीच्या एका दाताचं बिल बघून नवरा म्हणाला एवढ्यात माझी सगळी बत्तिशी झाली असती.

रोजचं आयुष्य कसं असतं ते लोक सांगत नाहीत म्हणून सांगते. आपला गावठी कुत्रा पुण्यात काय करतो, गेटपाशी बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो, गल्लीतल्या चार जणांशी भांडतो, दिवस जातो. इथे गल्लीत कुत्रंच नाही, दार लावलेलं, आवाज नाही. पहिले काही आठवडे आमचा बाल्कनीत उभा राहून नुसता बघत बसायचा, कुणीतरी येईल म्हणून. दिवसातून तीनदा बाहेर न्यावंच लागतं, डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हाही, पाऊस असला तरीही, आणि मागे पिशवी घेऊन गोळा करायचं. इथली कुत्री ट्राममध्ये शहाण्यासारखी सीटखाली झोपतात, हॉटेलात टेबलाखाली झोपतात, आपल्याला आधी लाज वाटते. हुंडेशूले म्हणजे कुत्र्यांच्या शाळेत घाल, त्याच्यापेक्षा तुझ्यासाठी. माझं जर्मन तिथेच सुधारलं, ऑफिसात सगळे इंग्रजीत बोलतात, कुत्रेवाल्या आज्या बोलत नाहीत. या शहरात मला नावाने ओळखणारी जवळजवळ सगळी माणसं त्याच्यामुळे मिळालेली आहेत, त्यातल्या निम्म्यांना माझं नाव माहीत नाही, त्याचं माहितीये.

मांजरीसाठी एकच ताकीद. इथल्या खिडक्या वरून तिरक्या उघडतात, हवा येण्यासाठी लोक तशाच ठेवून कामाला जातात. मांजर त्या फटीतून बाहेर पडायला बघतं आणि खाली घसरून अडकतं, जीव जातो. जाळी मिळते त्यासाठी, पहिल्या दिवशी लाव. बाल्कनीला जाळी लावायची तर मालकाला विचारून.

आणि ३१ डिसेंबर. इथे फटाके वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांतच विकायला येतात आणि त्या रात्री सगळे एकदम फुटतात, दिवाळी चार दिवस चालते ती चार तासांत कोंबल्यासारखी. तुझा घाबरणारा असेल तर काही लोक त्या रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात जाऊन राहतात, कारण तिथे फटाक्यांना बंदी असते. आम्ही टीव्ही मोठ्याने लावून बाथरूममध्ये बसतो, मी, तो आणि पुस्तक.

हं, पुस्तकं. आणू नकोस सगळी. नेहमीच्या तिकिटावर २३ किलोची बॅग, त्यात स्वयंपाकाचं सामान, स्वेटर, कुकर, आणि पुस्तकं किती जड असतात ते तुला मी सांगायला नको. ज्यांना सारखं हात लागतो तेवढीच आण, संदर्भाला लागणारी आण, बाकी माहेरी किंवा सासरी एका कोरड्या खोलीत, कपाटात डांबरगोळ्या टाकून. नंतर कंपनीने कंटेनर दिलाच तर घरसामान म्हणून पुस्तकं विनाजकात येतात, अट एवढीच की निदान सहा महिने तुझ्या वापरातली असावीत आणि राहायला आल्यापासून वर्षाच्या आत आणावीत. त्याची यादी द्यावी लागते, मराठी पुस्तकांची यादी कस्टमच्या माणसाला दाखवताना बघण्यासारखा चेहरा होतो त्याचा. आई पार्सलने पाठवणार असेल तर ४५ युरोपर्यंतची भेट सुटते, त्यावर गेलं की ७ टक्के कर आणि पोस्टवाल्यांचे हाताळणीचे पैसे, म्हणून थोडी थोडी पाठवायला सांग. किंडलवर मराठी २०१६ पासून आहे, बुकगंगावर ई-बुकं मिळतात, कादंबऱ्यांची भूक त्यावर भागते. कविता मला स्क्रीनवर जमत नाही, त्या मी बॅगेतूनच आणते.

इथलं पुस्तकांचं जग मात्र तुला आवडेल. नव्या जर्मन पुस्तकाची किंमत कायद्याने ठरलेली असते, ऑनलाइन घे नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात घे, सारखीच, त्यामुळे छोटी दुकानं टिकून आहेत. संध्याकाळी सांगितलं की बहुतेक पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. रस्त्याच्या कडेला, बागेत, पुस्तकांची कपाटं असतात, कुणीही ठेवा कुणीही न्या, आमच्या फिरण्याचा रस्ताच मी दोन कपाटं वाटेत येतील असा आखलाय, कुत्र्याला वाटतं आपण त्याच्यासाठी थांबलो. भाषा शिकताना रेक्लामची पिवळी पुस्तकं घे, १८६७ पासून चाललेली मालिका आहे, जॅकेटच्या खिशात मावतात आणि स्वस्त. मोठी पुस्तकं एका हातात पट्टा धरून वाचता येत नाहीत, हा माझ्या वाचनावर झालेला सगळ्यात मोठा परिणाम.

सध्या काय वाचतेय तर त्या कपाटात सापडलेलं थॉमस मानचं कुत्र्यावरचं १९१९ चं पुस्तक. एवढा मोठा कादंबरीकार, आणि म्युनिकच्या ईझार नदीकाठी आपल्या बाउशान नावाच्या कुत्र्याबरोबर फिरायला जातो, बस्स, एवढंच आहे त्यात. वाक्यं अर्ध्या पानाची, माझ्या जर्मनचा घाम निघतो, पण कुत्र्याला वास लागल्यावर तो कसा थबकतो ते इतकं बरोबर लिहिलंय की वाचता वाचता मी आमच्याकडे बघते. त्याच्याआधी ई. टी. ए. हॉफमनची बोक्याची कादंबरी इंग्रजीतून वाचली, दोनशे वर्षांपूर्वीची. मुर नावाचा बोका आत्मचरित्र लिहितो आणि मालकाच्या पुस्तकाची पानं फाडून टीपकागद म्हणून वापरतो, छापताना दोन्ही एकत्र छापलं जातं, मग बोक्याची फुशारकी मध्येच तुटून एका दुःखी संगीतकाराची गोष्ट सुरू होते. मला मधलं थोडं कंटाळवाणं वाटलं, बोक्याचा भाग मात्र फार धमाल. लेखकाचा खरा बोका १८२१ मध्ये मेला, पुढच्या वर्षी लेखकही गेला, तिसरा भाग राहिलाच. आणि परत वाचलं ते व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर', वानरांच्या टोळ्यांचं. मान कुत्र्याबद्दल प्रेमाने लिहितात, पण सारखे स्वतःकडे येतात, माडगूळकर एकदाही मध्ये येत नाहीत, मला ते जास्त अवघड वाटतं.

मराठी पुस्तक शहराच्या लायब्ररीत मिळेल अशी आशा ठेवू नकोस, पण हायडेलबर्ग विद्यापीठात दक्षिण आशिया संस्था आहे, १९६२ पासूनची, तिच्या लायब्ररीत मराठीची रॅक आहेत. इथेच सोंथायमर शिकवायचे, खंडोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले, १९९२ ला गेले. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा जेजुरी आणि वाघ्यांबद्दलचं जर्मन पुस्तक हातात आलं, देवाचे कुत्रे म्हणवून घेणाऱ्या माणसांबद्दल, आणि आमचा बाहेर सायकलच्या स्टँडला बांधलेला. तू आलीस की जाऊ, फ्रँकफर्टहून ट्रेनने तासाभराचं काम आहे. ट्रेनमध्ये मोठ्या कुत्र्याचं वेगळं तिकीट लागतं आणि तोंडाला जाळी, ती जाळी पण आत्तापासूनच घरात घालायची सवय लाव, इथे आल्यावर नाही.

वाचन होतं का, तर होतं, पुण्यापेक्षा जास्त होतं, रविवारी दुकानंच बंद असतात. फक्त भारतात जाताना कुत्र्याला ठेवायचं कुठे हा प्रश्न दर वर्षी येतो, पाळणाघरवाले दिवसाला पंचवीस-तीस युरो सहज घेतात, तेव्हा तिकिटाच्या हिशोबात ते धर. आम्ही शेजारच्या आजींकडे ठेवतो, त्यांना बदल्यात चकल्या.

चिप झाली की इंजेक्शनच्या कार्डावर चिपचा नंबर आणि तारीख डॉक्टरकडून लिहून शिक्का मारून घे, त्याचा फोटो मला पाठव, रक्ताची तारीख आपण दोघी मिळून ठरवू.