काकाची बोट, 1143 चा काटा आणि तीच तीच गाणी

गेल्या अंकात जुन्या गाण्यांच्या रेडिओवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजेसचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, चार घेतोय. पहिल्यावर जरा जास्तच लिहिलंय, विषयच तसा आहे.

"माझो काको मर्चंट नेव्हीत होतो. तो सांगायचो की लंडनच्या बाजूक समुद्रात एक बोट उभी असायची आणि तिच्यावरून दिवसभर रॉक गाणी लागायची. आमी सगळे तेका हसायचो. खरा काय ह्या?" (एक वाचक, मालवण)

अहो, काकांची माफी मागा आधी! शंभर टक्के खरं आहे. त्या स्टेशनचं नाव रेडिओ कॅरोलाइन, सुरू झालं मार्च 1964 मध्ये, ईस्टरच्या सुट्टीत. डेन्मार्कची एक जुनी पॅसेंजर फेरी घेतली, तिच्यावर उंच मास्ट, म्हणजे प्रसारणाचा खांब उभारला आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर नांगर टाकला, पण तीन मैलांच्या हद्दीबाहेर, म्हणजे सरकारचा कायदा जिथे संपतो त्याच्या पलीकडे. कारण काय, तर तेव्हा ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे फक्त बीबीसी, आणि रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांच्या युनियनबरोबरच्या करारामुळे बीबीसीला दिवसाला मोजकेच तास तबकड्या वाजवता यायच्या. बाकी वेळ स्टुडिओतला ऑर्केस्ट्रा तीच गाणी वाजवून दाखवणार. पोरांना हवे होते बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स, आणि यांना मिळायचा बँडवाल्यांचा बीटल्स!

हे वाचून काही आठवलं का? आपल्याकडे 1952 मध्ये केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले, सिनेमाची गाणी म्हणजे थिल्लर असं त्यांचं मत, आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली आणि लोकांनी काटा फिरवून सरळ श्रीलंका लावली. बिनाका गीतमाला त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला गल्लीतले सगळे रेडिओ एकच बोलायला लागले. सिलोनचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर तर दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या रेडिओसाठी आलेले. आपलं कॅरोलाइन म्हणजे सिलोन, फक्त ते बेटावर होतं आणि ती बोट होती. शेवटी आकाशवाणीला 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. तिकडे ब्रिटिश सरकारने ऑगस्ट 1967 मध्ये कायदा करून या बोटींना माल पुरवणं, जाहिराती देणं, तिथे काम करणं सगळं गुन्हा ठरवलं आणि दीड महिन्यात बीबीसीने स्वतःच रेडिओ वन काढून तसलीच गाणी सुरू केली. आधी नाक मुरडायचं आणि मग तेच ताट वाढायचं, सरकारं सगळीकडची सारखीच!

बाकीच्या बऱ्याच बोटी गप्प झाल्या, कॅरोलाइन चिवट. अधूनमधून बंद पडायची, पुन्हा उठायची. तुमच्या काकांनी ऐकलं असणार ते बहुतेक सत्तरच्या दशकातलं, तेव्हा "मी अमिगो" नावाच्या बोटीवरून चालायचं आणि हिट गाण्यांऐवजी अख्ख्या एलपीतली (मोठ्या तबकडीतली) लांबलचक गाणी लावायचे, जी दुसरं कोणी लावत नव्हतं. मार्च 1980 मध्ये वादळात नांगराची साखळी तुटली, बोट वाळूच्या बांधावर चढली आणि बुडाली. चौघं होते, लाइफबोटने चौघांनाही उतरवलं आणि त्यांच्याबरोबर पिंजऱ्यातली एक कॅनरीपण, तिचं नाव विल्सन, म्हणजे ज्या पंतप्रधानांनी बंदी आणली त्यांचंच! बोट खाली गेली तरी मास्ट पाण्यावर उभा होता, कित्येक वर्षं. मग 1983 मध्ये परत आले ते कशावर, तर रॉस रिव्हेंज नावाच्या खोल समुद्रातल्या मासेमारीच्या जुन्या ट्रॉलरवर. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या लोकांनी लक्षात ठेवायची गोष्ट! आता तेच स्टेशन रीतसर लायसन्स घेऊन 2017 पासून 648 किलोहर्ट्झवर लागतं, आणि जिथून लागतं ती जागा पूर्वी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसची. एक गंमत सांगायची राहिली, सुरुवातीला ते 199 मीटरच्या लहरीवर आहोत असं सांगायचे, खरं ते होतं 197 च्या आसपास, पण "नाइन" आणि "कॅरोलाइन" यमक जुळतं ना, म्हणून.

"मी ऑनलाइन अमेरिकेतली क्लासिक रॉक स्टेशन्स ऐकते. दोन दिवसांत तीच तीच गाणी फिरून येतात. एवढी हजारो गाणी असून हे असं का? आणि क्लासिक कोणतं हे ठरवतं कोण?" (कॉलेजातली वाचक, चिपळूण)

बरोबर पकडलंस गं. सुरुवात उलट होती. अमेरिकेत साठच्या दशकात एएम (म्हणजे आपलं मीडियम वेव्ह) जोरात आणि एफएम ओस, मालक लोक एकच कार्यक्रम दोन्हीकडे लावून मोकळे. मग सरकारने नियम केला की एफएमवर वेगळं काहीतरी लावा, आणि ती रिकामी जागा भरायला 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केएमपीएक्स या स्टेशनवर टॉम डोनह्यूसारखे लोक घुसले, ज्यांनी डीजेला सांगितलं तुझ्या मनाला येईल ती तबकडी लाव, वीस मिनिटांची असली तरी चालेल. कपाट डीजेच्या ताब्यात. नंतर जाहिरातीचा पैसा दिसला आणि कपाटाला कुलूप लागलं. ऐंशीच्या दशकात फ्रेड जेकब्ससारख्या सल्लागारांनी "क्लासिक रॉक" हा तयार फॉर्मॅटच करून स्टेशनांना विकला, म्हणजे नवीन काही लावूच नका, विशी-पंचविशीत जे ऐकलं तेच त्या लोकांना तिशी-चाळिशीत ऐकवा, खर्च करणारे तेच.

आणि गाणी निवडायची कशी, तर एका हॉलमध्ये शंभरेक माणसं बसवायची, प्रत्येक गाण्याचा सात-आठ सेकंदांचा तुकडा ऐकवायचा आणि मार्क घ्यायचे. कमी मार्क पडले की गाणं बाद. आता सांग, सात सेकंदांत कोण पास होणार? जे आधीच पाठ आहे तेच! मग उरतात काहीशे गाणी आणि ती कॉम्प्युटर फिरवत बसतो. माझं मत विचारशील तर हा परीक्षेचाच घोटाळा आहे, गाण्यांचा नाही. सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम संपायचा तो रोज सैगलच्या गाण्यानेच, आठच्या ठोक्याला, पण त्याच्या आधी काय लागेल ते माहीत नसायचं, आणि त्या "माहीत नसण्यात"च चहा थंड व्हायचा. मुंबईच्या "आपली आवड"मध्ये तर निवड पत्रं पाठवणाऱ्यांची, त्यात कोणीतरी विचित्र मनुष्य भलतंच गाणं मागायचा आणि ते लागायचंसुद्धा.

"आमच्या वाडीत एफएम धड लागत नाही, मधे डोंगर आहे. पण आजोबांच्या वॉल्व्हच्या रेडिओवर रत्नागिरी, मुंबई आणि रात्री तर अरबीसुद्धा लागायचं म्हणतात. जुने रेडिओ जास्त पॉवरफुल होते का?" (एक वाचक, दापोली तालुका)

रेडिओ नाही, लहर वेगळी. रत्नागिरी आकाशवाणी 1143 किलोहर्ट्झवर लागायची, ती मीडियम वेव्ह, एकेक लाट अडीचशे मीटरपेक्षा लांब, जमिनीला धरून सरकते आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब जाते कारण खारं पाणी वीज चांगली वाहतं. म्हणून किनाऱ्यावर आणि होडीत मुंबई दिवसाढवळ्या छान यायची, आणि घाटावरच्या तेवढ्याच अंतरावर खरखर. एफएमची लाट तीनेक मीटरची, ती साधारण नजरेच्या रेषेत जाते, मधे डोंगर आला की संपलं. रात्रीचं अरबी असं की वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर दिवसा मीडियम वेव्ह गिळून टाकतो, सूर्य बुडाला की तो विरतो आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून आखाताकडची स्टेशनं थेट इथे उतरतात. तुमचे आजोबा कानाला रेडिओ लावून बसायचे ते उगाच नाही! (गणपतीला आलेल्या चाकरमान्याने मुंबईहून ट्रान्झिस्टर आणला की अख्खी वाडी अंगणात, हे आमच्याकडेही होतं.)

"आम्ही पाच मित्र, एकाच्या घरचा जुना ट्रॉलर पडून आहे. बारा मैलांबाहेर नेऊन कॅरोलाइनसारखं रॉक स्टेशन सुरू केलं तर?" (एक वाचक, देवगड)

बाबांनो, पहिलं उत्तर वाचून हे सुचू नये म्हणून हे शेवटी ठेवलं होतं! पळवाट बुजलीय. समुद्राच्या 1982 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 109 याच धंद्यावर आहे, खुल्या समुद्रातून विनापरवाना प्रसारण केलं तर ते जिथे ऐकू येतं तो देशसुद्धा बोट धरून खटला भरू शकतो. आणि मान्सूनात ट्रॉलर तिथे ठेवणार कसा ते वेगळंच.

जमिनीवर मात्र मार्ग आहे. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता, मग 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओ उघडला. पाच मित्र म्हणून लायसन्स मिळणार नाही, किमान तीन वर्षं जुनी रजिस्टर्ड संस्था लागते, म्हणजे कॉलेज नाहीतर एखादी चालती संस्था गाठा. पॉवर 100 वॉट, म्हणजे पाच-दहा किलोमीटरचा पल्ला, तोही डोंगर मधे नसेल तर, त्यामुळे अँटेना वर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाटीवर) लावा, खाली बंदरात नको. निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनी बनवलेला हवा आणि गाण्यांच्या हक्कांचे पैसे वेगळे भरायचे. म्हणजे दिवसभर रॉक विसरा. सकाळी बाजारभाव आणि वाऱ्याचा अंदाज, दुपारी आंब्याच्या फवारणीवर कोणीतरी बोलेल, मग शनिवारी रात्री दहाला तुमचा एक तास, लावा काय लावायचं ते. फक्त दशावतार असेल त्या रात्री तुम्हाला कोणी ऐकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.