ड्राइव्हचं लेटर बदलायचंय, डेटा उडेल का?

प्रश्न : सर, माझं इचलकरंजीत छोटं ऑफिस आहे. पीसीला नवीन एसएसडी बसवून त्यावर विंडोज ११ टाकून घेतलं, जुनी हार्ड डिस्क आत तशीच आहे. आधी हिशोबाचं सगळं डी ड्राइव्हला असायचं, टॅलीचा फोल्डरसुद्धा. आता डी म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह झालाय आणि जुनी डिस्क ई. टॅली चालू होतं पण कंपनी दिसत नाही. मुलगा म्हणतो लेटर बदला, पण डेटा गेला तर? जीएसटीचं रिटर्न तोंडावर आलंय.

उत्तर : डेटा कुठे जात नाही हो, निवांत राहा. लेटर डिस्कवर लिहिलेलं नसतंच, ते विंडोजच्या रजिस्ट्रीत (म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग ठेवतं त्या नोंदवहीत) नोंदलेलं असतं, म्हणून विंडोज नवीन टाकलं की नोंदी नव्याने होतात आणि लेटरं इकडची तिकडे होतात. टॅलीच्या सेटिंगमध्ये डेटाचा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, डी असाच राहिलाय म्हणून ते बिचारं डीव्हीडीत कंपनी शोधतंय.

तरी आधी बॅकअप घ्या, पेन ड्राइव्हवर घेतला तरी चालेल. टॅली, एक्सेल सगळं बंद करा. मग स्टार्ट बटनावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. एक लेटर दोघांना देता येत नाही, म्हणून पहिल्यांदा डी मोकळा करायचा. खाली सीडी-रॉम ० लिहिलेला चौकोन दिसेल, त्यावर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, चेंज, आणि त्याला झेड देऊन टाका. मग तसंच ई वर जाऊन डी निवडा. काही प्रोग्रॅम चालणार नाहीत असा इशारा येईल, तुमच्या बाबतीत यस म्हणायला हरकत नाही कारण आपण जुनंच लेटर परत देतोय.

आता खरी भीती कुठे आहे ते सांगतो, त्याच मेनूत याच्या लगेच खाली फॉरमॅट आहे आणि अजून खाली डिलीट व्हॉल्यूम. घाईत माउस एक ओळ खाली घसरला आणि पुढे सगळ्याला ओके ओके करत गेलात तर मग मात्र डेटा गेलाच, तेव्हा प्रत्येक खिडकीवर काय लिहिलंय ते वाचा आणि डिस्कची साइज बघून खात्री करा की हीच ती जुनी डिस्क. सी ला हात लावू नका (विंडोज तसंही बदलू देत नाही). रिकव्हरी किंवा ईएफआय लिहिलेल्या छोट्या पार्टिशनला लेटर नसतं, ते तसंच राहू द्या. आणि चुकून रिमूव्ह दाबलं तर घाबरू नका, फक्त लेटर जातं, डिस्क धिस पीसी मध्ये दिसेनाशी होते, तिथेच अॅड करून परत द्यायचं.

बाकी वाचकांना सांगतो, महिनोन् महिने ई वर काम चालू असेल, सॉफ्टवेअरही तिथेच इन्स्टॉल असेल, तर उगाच नीटनेटकं दिसावं म्हणून बदलायला जाऊ नका, शॉर्टकट आणि प्रोग्रॅम तुटतील.

प्रश्न : बॅकअपच्या पेन ड्राइव्हला कधी एफ येतं कधी जी, बॅकअप फाइल फेल जाते.

उत्तर : तो लावून याच पद्धतीने एबीसीडीतलं शेवटाकडचं एखादं लेटर द्या, पी किंवा टी, त्या पीसीवर विंडोज ते लक्षात ठेवतं. दुसऱ्या पीसीवर मात्र पुन्हा द्यावं लागेल.