मिनजीडब्ल्यूवर येणारी व्हिजिबिलिटीची वॉर्निंग बंद करून टाकावी का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: सीमधल्या लायब्ररीतली आतली फंक्शन्स बाहेर दिसू नयेत म्हणून तुम्ही प्रत्येकाला ‘हिडन’ व्हिजिबिलिटीचं अ‍ॅट्रिब्यूट लावलंत. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर काही बोलत नाही, पण मिनजीडब्ल्यूने, म्हणजे जीसीसीच्या विंडोजसाठीच्या रूपाने, बिल्ड केलं की ‘हे अ‍ॅट्रिब्यूट इथे चालत नाही, सोडून दिलं’ अशा वॉर्निंगांची रांग लागते. अ‍ॅट्रिब्यूटच्या सगळ्याच वॉर्निंग बंद करणारा फ्लॅग द्यावा का, असं तुम्ही विचारताय.

देऊ नका. मी दिला होता. आमच्या लॉगिंगच्या फंक्शनला प्रिंटएफसारखी तपासणी व्हावी म्हणून ‘फॉरमॅट’ अ‍ॅट्रिब्यूट लावलं होतं, आणि त्याच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलं होतं. ‘हे नाव मला माहीत नाही’ असं कंपायलर सांगणारच होता, पण त्याचं तोंड मीच बंद केलेलं. पर्सेंट-एसच्या जागी इंट गेला आणि प्रोग्राम कोसळला, तोही नेमका एरर नोंदवताना.

शिवाय ही वॉर्निंग खरं सांगते आहे. लिनक्सच्या ईएलएफ (तिथल्या लायब्ररीचा साचा) फाइलमध्ये स्टॅटिक, म्हणजे एकाच फाइलपुरतं, नसलेलं प्रत्येक फंक्शन आपोआप बाहेर दिसतं, म्हणून लपवावं लागतं. विंडोजचा हिशेब उलटा: डीएलएल या लायब्ररीच्या फाइलमधल्या एक्सपोर्ट टेबलमध्ये जे घालाल तेवढंच दिसतं. त्यात मिनजीडब्ल्यूची एक गोम आहे. कशावरही डीएलएल-एक्सपोर्टची खूण नसेल आणि डेफ फाइलही (एक्सपोर्ट करायच्या नावांची यादी) दिली नसेल, तर त्याचा लिंकर स्टॅटिक नसलेलं सगळंच एक्सपोर्ट करतो. म्हणजे तुम्ही लपवलेली फंक्शन्स तिथे आत्ता उघडी आहेत. एकावर जरी खूण केलीत तरी हे थांबतं.

म्हणून खूण लपवायच्या फंक्शनवर नको, दाखवायच्यांवर करा. एकाच फाइलपुरतं जे असेल ते सरळ स्टॅटिक; ते सगळीकडे चालतं. उरलेल्यांसाठी लिनक्स आणि मॅकवर बिल्डलाच ‘व्हिजिबिलिटी हिडन’चा फ्लॅग द्या, आणि जाहीर फंक्शन्ससाठी एका हेडरमध्ये एकच मॅक्रो ठेवा. त्यात आधी विंडोज आहे का ते बघा, मग जीसीसीची आवृत्ती. हा क्रम चुकवू नका: मिनजीडब्ल्यू हाही जीसीसीच आहे, आधी आवृत्ती तपासलीत तर तो चुकीच्या फांदीत शिरेल. जीसीसीच्या फांदीत ‘डिफॉल्ट’, म्हणजे बाहेर दिसणारी, व्हिजिबिलिटी द्या; त्यासाठी आवृत्ती 4 किंवा पुढची हवी, कारण व्हिजिबिलिटीची ही सोय 2005 मध्ये 4.0 बरोबर आली. क्लँग हा दुसरा कंपायलर स्वतःला जीसीसी 4.2 म्हणवतो, त्यामुळे तोही तिथेच येतो. विंडोजच्या फांदीत लायब्ररी बांधताना डीएलएल-एक्सपोर्ट, वापरताना डीएलएल-इम्पोर्ट, लायब्ररी प्रोग्राममध्येच जोडून (स्टॅटिक लिंक) घेताना मॅक्रो रिकामा. अनोळखी कंपायलरलाही रिकामाच.

मॅकवर ‘प्रोटेक्टेड’ ही आणखी एक व्हिजिबिलिटी चालत नाही, तेव्हा ‘डिफॉल्ट’ आणि ‘हिडन’ एवढ्यावरच भागवा.

झालं की लिनक्सवर ‘एनएम’ या कमांडला डॅश-मोठा-डी देऊन बाहेर दिसणाऱ्या नावांची यादी काढा, विंडोजच्या डीएलएलवर ‘ऑब्जडंप’ कमांडला डॅश-पी द्या, आणि तुमच्या फंक्शन्सची नावं दोन्हीकडे तीच येतात का ते जुळवून बघा.