विचारा, सांगते : एकदाच खासदार झालेल्या मृणालताई

प्रश्न : मृणाल गोरे यांचं नाव एवढं ऐकतो, पण खासदार त्या एकदाच होत्या. लोकसभेत त्या कमी पडल्या असं म्हणायचं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माझं बालपण गोरेगावातलं, तेव्हा उत्तर थोडं पक्षपाती होणार, हे आधीच सांगून टाकते.

ती एक टर्मसुद्धा अख्खी मिळाली नाही. मार्च 1977 मध्ये त्या जनता पक्षाकडून उत्तर मुंबईतून निवडून गेल्या आणि ऑगस्ट 1979 मध्ये लोकसभाच बरखास्त झाली. जेमतेम अडीच वर्षं! त्या निवडणुकीत मुंबईच्या सहाच्या सहा जागा काँग्रेसच्या हातून गेल्या होत्या. मी सतरा वर्षांची होते. मतदानाला तेव्हा एकविसाची अट होती, म्हणून नुसत्या घोषणा देत फिरले. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा देताना आमच्या चाळीतली पोरं अक्षरशः नाचायची. रायबरेलीत इंदिराबाई हरल्या आणि घोषणेचा दुसरा अर्धाही खरा ठरला.

पण ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिल्लीत मिळालेलं नव्हे. पती केशव गोरे 1958 साली गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1961 मध्ये, मृणालताई महापालिकेवर निवडून आल्या. उपनगरं भराभर वाढत होती, नळ मात्र कोरडे. आई पहाटे चारला उठून हंडे रांगेत लावायची आणि माझी झोपमोड करून मला तिथे राखणीला बसवायची. अशा बायकांना घेऊन ताई मोर्चे काढत. 1972 मध्ये त्या आमदार झाल्या. आणीबाणीत आधी भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. 1977 चं यश या सगळ्या कामावर उभं होतं.

दिल्लीत पंतप्रधान मोरारजी देसाईंनी आरोग्य मंत्रिपद देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. आमच्या घरी यावरून वाद झाला होता. वडील म्हणायचे, बाईनं संधी घालवली. मला आजही तसं वाटत नाही, पण लोकसभेतली ती वर्षं त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत ठळक होती असंही मी म्हणणार नाही. 1980 मध्ये उत्तर मुंबईची जागा जनता पक्षाकडेच राहिली, खासदार मात्र झाले रवींद्र वर्मा. ताई 1985 मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या, पुढे विरोधी पक्षनेत्या झाल्या. गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्यांनी तिथे लावून धरलं आणि 1988 मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात पहिल्यांदा. गोरेगाव पूर्वेला दिंडोशीची, ताईंच्या पुढाकारानं सामान्यांसाठी उभी राहिलेली नागरी निवाराची घरं तर आजही जाऊन बघता येतील. टर्मा मोजत बसलात तर यातलं काहीच हिशेबात येत नाही.

प्रश्न : लाटणं मोर्चातल्या बाकीच्या बायकांपैकी कुणी खासदार झालं का? (त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : झाल्या की! महागाईविरोधात 1972 साली मृणालताईंबरोबर ज्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांत मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर होत्या, समाजवादी प्रमिलाताई दंडवते होत्या. पक्ष वेगळे, लाटणं एकच. आईनं तेव्हा पितळी थाळी इतक्या जोरात बडवली, की तिला पोचा पडला. घरात कुणी ती कल्हईवाल्याकडे दिली नाही.

अहिल्याताई 1977 मध्ये मुंबई उत्तर-मध्यमधून लोकसभेत गेल्या, आणि 1980 मध्ये तीच जागा प्रमिलाताईंकडे आली. गंमत म्हणजे दोघींचीही लोकसभेतली ती एकेकच टर्म. प्रमिलाताईंच्या घरी मात्र तेव्हा खासदार दोन होते, कारण राजापूरहून त्यांचे पती मधू दंडवतेही निवडून आलेले.