पाण्याचा कूलर राहू द्या, आधी पहिल्या महिन्याचं पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राजुऱ्याकडची मिशनची शाळा, २००४ ची बॅच, तीस-पस्तीस माजी विद्यार्थी. त्यात फिटर, वेल्डर, गवंडी, दोन ड्रायव्हर. नवीन आलेल्या फादरनी "शाळेतल्या मुलांसाठी काही करता येईल का" असं विचारलं आणि वॉटर कूलर द्यायचा की स्मार्ट टीव्ही, यावर तुमच्या ग्रुपात पंधरा दिवस खल चालू आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "आमच्यात मोठं असं कोणी नाही." हे वाक्य मला टोचलं, म्हणून जरा लांब लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर. दहावीपर्यंत मिशन शाळेच्या हॉस्टेलवर होतो. (आपल्याकडे तीन खोल्यांच्या नर्सरीलाही कॉन्व्हेंट म्हणतात, म्हणून खुलासा: मी म्हणतो ती फादर-सिस्टरांची.) आमचा माजी विद्यार्थ्यांचा गट अकरा वर्षं चालू आहे आणि त्यातले जवळजवळ सगळे हातानं काम करणारे. शाळेच्या एका मोठ्या कार्यक्रमात स्टेजवर शाळेतूनच शिकून गेलेले डॉक्टरसाहेब बसले होते आणि स्टेजमागे माइकची वायर धरून मी. आवाज गेला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेवढीच माझी ओळख. त्यामुळे तुमचं "मोठं कोणी नाही" मला चांगलं कळतं.

आता कूलरचं. आम्हीही पहिल्या वर्षी कूलरच दिला होता. स्टीलचा, तीन नळांचा, वर पितळी पाटीवर आमची नावं. रब्बीत शेतातले पंप सुरू झाले की गावचं व्होल्टेज पडतं. दुसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जळाला. दुरुस्तीला शाळेकडे पैसे नव्हते आणि आम्ही तर कूलर देऊन मोकळे झालेलो. लाजेची गोष्ट म्हणजे तो बसवणारा इलेक्ट्रिशियन मीच. स्टॅबिलायझरचे पैसे वाचवले होते. आज त्याच्यावर पोछ्याची बादली ठेवतात, आणि पाटी मात्र चकचकीत आहे.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. शाळेतलाच एक मुलगा, आयटीआयचा फिटर पास, त्याला नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत शिकाऊ उमेदवार (अप्रेंटिस) म्हणून जागा मिळाली. आम्ही पेढे खाल्ले. नवव्या दिवशी पोरगा घरी परत. मला वाटलं घरची आठवण आली असेल, आजकालच्या पोट्ट्यांना दम नाही वगैरे. मी त्याच्या बापाला जरा बोललोही. बाप बांधावर बसून ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, पोराले पाठवू का सोयाबीन पेरू, तुम्हीच सांगा."

हिशोब असा होता. शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळतं. पोरगा जुलैच्या सुरुवातीला रुजू झाला, म्हणजे पहिला पैसा हातात ऑगस्टच्या दहाला. तोवर खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, सेफ्टी शूज, रोजचा ऑटो. सगळे मिळून आठ हजारांच्या आत. पण जुलै म्हणजे आपल्याकडे बी-खतात शेवटचा रुपया गेलेला असतो. सोयाबीन निघायला दिवाळी आणि कापूस त्याच्याही नंतर. जागा होती, मुलाची तयारी होती, बापाचा विरोध नव्हता. मधले चाळीस दिवस तेवढे कोणाच्या हिशोबात नव्हते.

त्या वर्षापासून आम्ही वस्तू देणं बंद केलं. आमचा पैसा ह्या चाळीस दिवसांसाठी असतो. मुलाला आठ हजारांपर्यंत देतो, बिनव्याजी. तिसऱ्या-चौथ्या विद्यावेतनापासून तो महिन्याला पाचशे परत करतो. कागद करत नाही. बहुतेकांनी फेडले, तिघांनी नाही. त्यातल्या एकाचं लग्न आम्ही जेवून आलो, तो विषय तिथंच संपला.

पण पैशाचं हे दुय्यम. तुमच्याकडे जे आहे ते डॉक्टरसाहेबांकडे नाही. कोणत्या गेटावर माणूस लागतो हे तुम्हाला महिनाभर आधी कळतं. तुमच्या भोवती पाहा: गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल, चंद्रपूरचं थर्मल वीज केंद्र, कोळशाच्या खाणी. तुमच्यातला कोणी ना कोणी यातल्या प्रत्येक ठिकाणी, निदान ठेकेदाराकडे तरी, जाऊन आलेला असणार. ही माहिती प्रत्येकाच्या फोनमध्ये एकेकटी पडली आहे, ती एका वहीत आणा. व्हॉट्सॲप ग्रुपवर होत नाही, तिथं सकाळी फुलं आणि संध्याकाळी राजकारण. आमची दोनशे पानी वही शाळेच्या ऑफिसात असते. रकाने: काम काय, कुठं, सुपरवायझर ओळखीचा का, आणि शेवटचा, "मुलाला दोन रात्री झोपायला जागा देऊ शकाल का?" हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा निघाला. खेड्यातल्या पोराला नागपूर-हिंगण्यात पहिल्या रात्री कुठं उतरायचं हाच मोठा प्रश्न असतो.

सरकारी बाजूही माहीत असू द्या. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. आताच्या नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे कारखान्याच्या ऑफिसात जाताना भीक मागायला आलोय असा चेहरा करू नका, त्यांनाही आकडा भरायचा असतो. आणि चार माणसं असली तरी स्वतःहून शिकाऊ घेता येतो. तुमच्यातल्या ज्याच्याकडे चार-पाच जणांची टीम आहे तो शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून रीतसर एक मुलगा घेऊ शकतो.

"रीतसर" मुद्दाम लिहिलं. आमच्यातल्याच एका काँट्रॅक्टरनं शाळेतले दोन मुलगे "शिकवतो" म्हणून नेले आणि आठ महिने नुसते पाइप वाहायला लावले. पैसे नाहीत, हातात टेस्टरसुद्धा दिला नाही. आम्हाला कळलं ते एका सिस्टरकडून. तिनं आमच्या बैठकीत येऊन शांतपणे विचारलं, "तुम्ही मुलांसाठी माणसं शोधता की माणसांसाठी मुलं?" कोणाला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून अठराच्या आतला मुलगा साइटवर पाठवायचा नाही, नोंदणीशिवाय पाठवायचा नाही, आणि महिनाअखेरीला फोन काँट्रॅक्टरला नाही, मुलाला करायचा. त्या माणसाला काढलं का? नाही. त्याला वहीतून काढलं, वर्गणी अजून घेतो.

शाळेत जाऊन बोलायचं असेल तर भाषण नको. आमचा एक वेल्डर आखातात शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हाच्या, कामाला जातो. सुटीत आला तेव्हा त्याला दहावीच्या वर्गात नेलं. हा बोलायला लाजाळू. त्यानं पिशवीतून पाइपचे दोन तुकडे काढले आणि बाकावर ठेवले. दोन्हीवर वेल्डिंगचा जोड. म्हणाला, डोळे मिटून बोट फिरवा. एकावर बोट सरळ घसरायचं, नाण्यांची चवड आडवी पाडून ठेवल्यासारखा एकसारखा जोड. दुसऱ्यावर खड्डे, कडेला चर पडलेली. "हा खड्डेवाला माझा पहिल्या वर्षीचा. हा आत्ताचा. ह्याचा एक्स-रे काढतात, आत बुडबुडा दिसला तर पूर्ण कापून फेकतात." वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "किती वर्षं लागली?" तो म्हणाला, "सहा. त्यातली दोन रडण्यात गेली." त्या वर्षी वेल्डर ट्रेडला तीन मुलांनी अर्ज भरले. आधी गणितात नापास झालेलाच वेल्डर होतो अशी समजूत होती. ती त्याच्या पाइपनं मोडली, आमच्या बोलण्यानं मोडली नसती.

मुलींचं विसरू नका. आम्ही चार वर्षं विसरलो होतो. आमच्याच शाळेची एक ताई नवऱ्याच्या दुकानात पंपाच्या मोटरी भरते. कॉइल गुंडाळण्यात तिचा हात नवऱ्यापेक्षा साफ आहे. आता वहीत तिचं नाव आहे.

दहावीच्या निकालाच्या सुमारास दोन संध्याकाळी शाळेत बसा. आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन असतात आणि पोरं हुशारी कमी म्हणून नाही, कागद नाही म्हणून मागे पडतात. जातीचा दाखला, अधिवास, उत्पन्न हे सगळं निकालाआधी जमवायला लावायचं. विकल्प भरताना घराजवळचं आयटीआय म्हणून नको तो ट्रेड घेतात, तिथं तुमच्यातला फिटर शेजारी बसलेला हवा. आणि शाळा अनुदानित असेल तर आठवीच्या मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवता का, हेही फादरना विचारा. नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात. आपल्या सगळ्या वर्गणीपेक्षा ते जास्त भरतं.

आता वर्गणी. महिन्याला शंभर रुपये ठरवू नका, तिसऱ्या महिन्यात बंद पडतं. आपल्यासारख्यांचा पैसा महिन्यानं येत नाही, बिल निघालं की येतो. आम्ही वर्षातून एकदा एका दिवसाची मजुरी घेतो. मिस्त्रीची त्याची, हेल्परची त्याची. रक्कम वेगळी, पण दिवस सगळ्यांचा सारखा, त्यामुळे कोणी मोठं-लहान होत नाही. दिवस १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन तर आहेच, पण कॅथलिकांत त्या दिवशी कामगार संत जोसेफ यांचा सण असतो. ते सुतार होते. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये तो सुरू केला. फादरना हे सांगायची गरज नाही, पण आपल्याला माहीत असलेलं बरं. शिवाय मार्च एंडिंगची बिलं तोवर हातात पडलेली असतात, लग्नासाठी बाहेरची मंडळी गावात आलेली असतात आणि जुलैच्या खर्चाला दोन महिने बाकी असतात. बैठक सकाळी सातला घ्या. आठनंतर आपल्याकडच्या मे महिन्यात कोणाचं डोकं चालत नाही.

ज्याला पैसा जमत नाही त्यानं दिवस द्यावा. हॉस्टेलचं अर्थिंग तपासणं, गळकं छत, पंखे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या मुलखात श्रमदान काय ते समजावून सांगावं लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. आपसात काढलेली मजुरी वेगळी आणि बाजारपेठेत पावती पुस्तक घेऊन फिरणं वेगळं. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परवानगीला जावं लागतं, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ क. गणेश मंडळवाले दरवर्षी तेच करतात, त्यांना विचारा. संस्था नोंदवायची तर किमान सात जण लागतात. ८०जीच्या, म्हणजे देणगी देणाऱ्याला मिळणाऱ्या करसवलतीच्या, मागे पहिलं वर्ष घालवू नका. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, नव्या करप्रणालीत तर मुळीच नाही, आणि आपल्यातले कितीजण टॅक्स भरतात? आखातातल्या पैशाची मात्र काळजी घ्या. भारतीय पासपोर्टवाला आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो तेव्हा ते विदेशी योगदान धरत नाहीत. नागरिकत्व बदललेल्या मित्राचा पैसा धरतात, आणि एफसीआरए (विदेशी योगदानाचा कायदा) नोंदणीशिवाय तो घेता येत नाही. आमच्या एका जुन्या मित्राला कॅनडाचं नागरिकत्व मिळालंय, त्याला आम्ही हात जोडले. तो आता सुटीत आला की मुलांना ड्रॉइंग वाचायला शिकवतो.

गावात एक प्रश्न येणारच: "हे मिशनवाल्यांचं काम आहे का?" आमच्या गटात कुणबी आहेत, बौद्ध आहेत, गोंड आहेत, एक मुसलमान वेल्डर आहे आणि कॅथलिक बोटावर मोजण्याइतके. शाळेतही तसंच आहे. आम्ही वही उघडून दाखवतो. कोणाला किती दिले, कशाला दिले. त्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही. म्हणून पैसा बँकेत दोघांच्या सहीनं आणि हिशोब शाळेच्या फळ्यावर, हे पहिल्या दिवसापासून करा.

फादरना उद्या भेटलात तर कूलरचं बोलू नका. एवढंच विचारा की गेल्या तीन वर्षांत दहावी होऊन गेलेली मुलं आज कुठं आहेत. त्यांना बहुधा अर्ध्यांचं माहीत नसेल. ती यादी घेऊन तुमच्यातले चौघं दोन रविवार गावोगाव फिरा. कोण घरी बसलाय, कोण परत आलाय, कशानं परत आलाय, ते लिहून आणा. त्यात बुटीबोरी-हिंगण्याकडे जायला तयार असलेले फिटर किंवा इलेक्ट्रिशियन निघाले तर इथं सांगा. आमच्या वहीत शेवटच्या रकान्यात "हो" लिहिलेली तिकडची पाच घरं आहेत.