टीसीएलचं पोतं, काळ्या मातीतला संडास आणि बोअरचं पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावाला 50 हजार लिटरची उंच टाकी आहे. रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो असं पाणी सोडणारा सांगतो, पण शेवटच्या वस्तीत ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन रंगावरून दाखवणारी तपासणी) केली की रंगच येत नाही. उलट टाकीजवळची घरं म्हणतात, पाण्याला औषधाचा वास मारतो. खरं कुणाचं?
— ग्रामपंचायत सदस्या, ता. गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : ताई, दोघांचंही खरं असू शकतं. आधी पोतं कुठे ठेवलंय ते बघा. पंपहाऊसच्या कोपऱ्यात, तोंड उघडं, खाली ओल, असंच बहुतेक गावांत आढळतं. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन साधारण 33 टक्के असतो. ऊन, ओल आणि हवा लागली की तो उडत जातो आणि मागे उरतो तो चुना. पावडर मोकळी, कोरडी असेल आणि झाकण काढताच नाकाला झोंबत असेल तर ठीक. गोळे झाले असतील, ओलसर लागत असेल आणि वास मंद असेल तर ती टाकून उपयोग नाही. पोतं आलं त्याच दिवशी पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये भरा, ड्रमवर तारीख लिहा आणि तो सावलीत ठेवा. युरिया किंवा दुसरं कुठलंही खत, तेल, डिझेल, ॲसिड यांच्या शेजारी ड्रम ठेवू नका. यांचा टीसीएलशी संबंध आला तर विषारी वायू निघतो, प्रसंगी आगही लागते.

मात्रा 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे तुमच्या भरलेल्या टाकीला 250 ग्रॅम. मूठ किंवा वाटी हे माप नव्हे. एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर 250 ग्रॅम तोलून घ्या, ती पावडर जिथवर येते तिथे डब्याला रेघ मारा आणि पुढे तोच डबा वापरा.

पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोडं पाणी घालून काठीने लापशीसारखी कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. चुना तळाला बसतो. वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत काढून टाकीत सोडायची, गाळ फेकायचा. टाकी भरत असतानाच निवळी सोडली तर ती पाण्यात नीट मिसळते. भरून झाल्यावर वरून ओतली तर थरातच राहते, आणि मग पहिल्या घरांना वास, मागच्यांना काहीच नाही. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. टाकी भरल्यावर अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडायचा. हा अर्धा तास कुणी पाळत नाही, कारण लोक हंडे घेऊन उभे असतात. तेव्हा पाणी सोडायची वेळ अर्ध्या तासाने पुढे जाहीर करा, भांडण मिटेल.

आता ओटी. पाण्याचा नमुना दोन ठिकाणी घ्या, टाकीच्या तोंडाशी आणि शेवटच्या नळाला. किटवर लिहिलेले थेंब टाकून रंग पहिल्या दहा सेकंदांतच बघायचा. उशिरा चढणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो, लोहानेही तसा रंग येतो. शेवटच्या नळाला क्लोरीन किमान 0.2 पीपीएम (म्हणजे लिटरला 0.2 मिलिग्रॅम) हवा, टाकीशी 0.5 च्या आसपास. (ओटीचं द्रावण विषारी आहे. हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी हंड्यात ओतू नका.)

टाकीशीच रंग नसेल तर दोष पावडरीत किंवा कालवण्यात. टाकीशी आहे आणि शेवटी नाही, तर दोष पाइपलाइनमध्ये. मग मात्रा वाढवत बसू नका, लाइन चालत बघा. दाब कमी म्हणून लोक नळाशी खड्डा खणतात आणि घागर खाली ठेवून भरतात. पाणी गेलं की त्याच खड्ड्यातलं सांडपाणी रिकाम्या पाइपात ओढलं जातं. तोटी नसलेला नळ, नळाला थेट जोडलेली मोटार, गटारात बुडालेली व्हॉल्व्हची पेटी, या तिन्हींचा परिणाम तोच. पहिल्या पावसानंतर लगेच तपासा. तेव्हा पाणी गढूळ असतं आणि क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो.

प्रश्न : आमच्या वाड्यात घरचा आड आहे. रोज पावडर टाकणं होत नाही. काही सोय?
— ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : आहे, दोन मडक्यांची. नागपूरच्या नीरी संस्थेची ही पद्धत जुनी आहे आणि सोपीही. लहान मडक्याच्या वरच्या भागाला 1 सेंमीचं भोक पाडा. 1 किलो टीसीएल आणि 2 किलो भरड वाळू किंचित ओलसर करून कालवा आणि भोकाच्या 3 सेंमी खालपर्यंत भरा. हे मडकं मोठ्या मडक्यात बसवा. मोठ्या मडक्याला तळापासून 4 सेंमीवर भोक हवं. मोठ्याचं तोंड प्लास्टिकने घट्ट बांधा आणि दोरीने पाण्याखाली 1 मीटर सोडा. साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी आणि रोज चार-साडेचारशे लिटर उपसा असेल तर दोन-तीन आठवडे चालतं. सार्वजनिक विहिरीला हे पुरत नाही. तिथे व्यास आणि पाण्याची खोली मोजूनच मात्रा काढा : व्यास × व्यास × खोली × 785, सगळं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. 6 मीटर व्यास आणि अडीच मीटर पाणी म्हणजे सुमारे 70 हजार लिटर, म्हणजे 350 ग्रॅम टीसीएल. आडाला कठडा नसेल आणि भोवती धुणीभांडी होत असतील तर मडकी सोडण्याआधी ते थांबवा.

प्रश्न : जमीन काळीभोर. संडासाचा खड्डा पावसाळ्यात तुडुंब भरतो आणि पाणी उलटं भांड्यात येतं. गवंडी म्हणतो सेप्टिक टँक बांधा आणि गॅसचा पाइप काढा. काय करावं?
— ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : सेप्टिक टँक नको. टँकमधून बाहेर पडणारं पाणी घाणच असतं, ते शोषायला वेगळा खड्डा लागतोच. तो नसला की पाइप गटारात सोडतात. शिवाय काही वर्षांनी टँक उपसायला गाडी लागते, ती खेड्यात येणार कुठून? दोन शोषखड्ड्यांचा संडासच योग्य, फक्त काळ्या मातीसाठी त्याची बांधणी वेगळी.

काळी माती पाणी हळू पिते. भिजली की फुगते आणि विटांच्या फटी बुजवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत तडकवते. म्हणून विटांच्या गोल भिंतीभोवती एक फूट जाडीचा वाळूचा किंवा बारीक खडीचा थर द्यावा लागतो. गवंड्याला हे आधीच सांगा, म्हणजे तो खणतानाच दोन्ही बाजूंनी फूट-फूट जास्त खणेल. नंतर सांगून उपयोग नाही.

पाच माणसांच्या घराला खड्डा आतून 1 मीटर व्यासाचा, पाइपाच्या तोंडाखाली 1 मीटर आणि वर 30 सेंमी मोकळा, असा पुरतो. वीटकाम जाळीदार, एक थर भरीव आणि एक फटींचा. पाइपाच्या वरचा भाग मात्र सगळा भरीव. बाहेर वाळू असेल तर फट अर्ध्या इंचाचीच ठेवा, नाहीतर वाळू आत ओघळते. वाळू नसेल तर फट दोन इंचांची. फटींतून पडलेला माल तिथल्या तिथे काढायला लावा. गवंड्याला भिंत साफ दिसायला हवी असते, म्हणून तो आतून हात फिरवतो आणि फटी बंद करतो. मग शोषखड्ड्याचा हौद होतो. तळाला काँक्रीट नको, माती उघडी राहू द्या.

तुमच्याकडे अगदी हेच झालं असेल. झाकण काढून टॉर्चने नुसतं बघा, आत उतरू नका. आतल्या वायूने माणूस दगावतो. फटी बुजलेल्या दिसल्या तर त्या खड्ड्याच्या मागे न लागता शेजारी दुसरा नीट बांधा आणि मध्ये इंग्रजी वायच्या आकाराचा चेंबर टाका. दोन खड्ड्यांत किमान 1 मीटर अंतर हवं, सामाईक भिंत चालत नाही. विहीर किंवा हापसा किमान 10 मीटर लांब. मुरूम फुटलेला असेल किंवा खडकाला चिरा असतील तर घाण लांबवर जाते. तिथे तळ चिकणमातीने ठोकून बंद करायचा आणि भोवती बारीक वाळू दीड फूट.

भांड्यापासूनच्या पाइपाला 15 फुटांना 1 फूट उतार द्या. भांडं तीव्र उताराचं, ग्रामीण पद्धतीचं घ्या. त्याचा पाणसाप (भांड्याखालच्या वळणात थांबून वास अडवणारं पाणी) 20 मिमीचा असतो, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. शहरी भांड्याला बादली लागते. उन्हाळ्यात टँकरच्या गावात एवढं पाणी कोण ओतणार? संडास बंद पडायचं एक कारण हे भांडं, पण ते हिशेबात कुणी धरत नाही.

गॅसचा पाइप लागत नाही. वायू मातीत जिरतात. पाइप लावला तर वास आणि डास, दोन्ही घरात येतात. न्हाणीचं पाणीही या खड्ड्यात सोडायचं नाही. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून झाकण जमिनीपासून चार बोटं वर ठेवा आणि भोवती मातीचा उतार दाबून घ्या.

एका वेळी एकच खड्डा चालवायचा. साधारण तीन वर्षांनी भरला की चेंबरमध्ये त्याचं तोंड बंद करून दुसरं उघडायचं. भरलेला दोन वर्षं तसाच राहू द्यायचा, मग आत कोरडं, बिनवासाचं खत मिळतं. ओलं लागलं तर चेंबरची बंद बाजू गळतेय असं समजा, पुन्हा झाका आणि थांबा. न कुजलेला मैला हाताने उपसायला माणूस लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : रोजगार हमीतून घराघरात सांडपाण्याचे शोषखड्डे केले. सहा महिन्यांत निम्मे तुंबले. दगड बदलावे का?
— सरपंच, ता. निलंगा, जि. लातूर

उत्तर : दगड बदलून पुन्हा सहा महिनेच मिळतील. खड्डा तुंबतो तो राख, खरकटं, केस आणि तेलकट साबणाने. राखेने भांडी घासायची सवय असेल तर राख सगळी खड्ड्यातच जाते. खड्ड्याच्या आधी फूटभर लांब-रुंद-खोल चेंबर हवा. पाणी त्यात एका बाजूने पडून दुसऱ्या बाजूने वरच्या वर निघावं, तोंडाशी जाळी किंवा काथ्या असावा. दर आठवड्याला चेंबर उपसायचा. हा चेंबर नकाशात असतो, बांधकामात गळतो.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचं (ता. हिमायतनगर) नाव शोषखड्ड्यांमुळे झालं. तिथली गटारं संपली आणि डास हटले. त्या पद्धतीत खड्ड्याच्या मधोमध भोकांचा सिमेंटचा हौद असतो. गाळ हौदात बसतो आणि पाणी वरच्या भोकांतून दगडांत जातं. हौदाचं झाकण काढून गाळ उपसता येतो, दगड हलवावे लागत नाहीत. निम्मे खड्डे नव्याने करायचेच असतील तर असे करा.

पण आधी जमीन बघा. फूटभर खड्डा करून रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी पुन्हा भरा. तासाभरात इंचभरही उतरलं नाही तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. मुरूम लागेपर्यंत खणा, नाहीतर पाणी परसात फिरवा. पाच माणसांच्या घरातून रोज दीड-दोनशे लिटर सांडपाणी निघतं. त्यावर केळीचे दोन गड्डे, पपई आणि शेवगा आरामात जगतात. चर काढून पाणी मुळाशी द्या, दर दोन दिवसांनी चर बदला. कोथिंबीर, मेथी, मुळा या पाण्यावर घेऊ नका, ते कच्चे खाल्ले जातात. शेवगा मात्र जरूर लावा आणि छातीएवढा छाटत राहा, म्हणजे पाला हाताशी येतो. शेंगा बाजारात जातात, पाला फुकट असतो आणि उन्हाळ्यात दुसरी हिरवी भाजी नसते तेव्हा तोच वरणात पडतो.

प्रश्न : हापशाच्या पाण्याने मुलांचे दात पिवळे-तपकिरी झालेत. उकळून द्यावं का?
— अंगणवाडी सेविका, ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : उकळू नका. दात असे होतात ते बहुधा पाण्यात विरघळलेल्या फ्लोराइडने. उकळलं की पाणी आटतं, फ्लोराइड तेवढाच राहतो, म्हणजे प्रमाण वाढतं. तुरटी फिरवून, टीसीएल टाकून किंवा कॅण्डल फिल्टरनेही तो जात नाही. तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे, पण मात्रा पाण्याच्या क्षारतेनुसार रोज बिनचूक लागते. घरोघरी ती आम्ही सुचवत नाही.

आधी खात्री करा. हापसा पाच मिनिटं चालवून, त्याच पाण्याने तीनदा विसळलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये 1 लिटर पाणी घ्या (काचेची बाटली नको) आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. 1 मिग्रॅ प्रति लिटरपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा. त्यापुढे हापशावर ‘पिण्यासाठी नाही’ असं रंगवा. वापराला चालेल. गावातल्या उथळ विहिरीचं पाणीही तपासून घ्या. अनेकदा बोअरपेक्षा तिच्यात फ्लोराइड कमी निघतो, फक्त तिला टीसीएल नियमित लागतो.

पावसाचं पाणी हा दुसरा मार्ग. मराठवाड्याची सरासरी 700 मिमीच्या आसपास धरा. किनवटला जास्त पडतो, पण हिशेब कमीचाच करावा. 30 चौरस मीटर पत्र्यावरून, गळती वजा जाता, सोळा-सतरा हजार लिटर येतात. पाच माणसांना पिण्या-रांधण्याला रोज 25 लिटर लागतात, म्हणजे 5000 लिटरची टाकी 200 दिवस, ऑक्टोबर ते एप्रिल पुरते. प्रत्येक सरीचं पहिलं पाणी सोडून द्या. उतरणीच्या पाइपाला 4 इंची, 3 मीटर लांब, खाली बूच असलेला फाटा जोडा. त्यात पंचवीसेक लिटर घाण पाणी अडतं. सर थांबली की बूच काढायचं. टाकी काळी किंवा झाकलेली, तोंडाला डासजाळी, नळ तळापासून चार बोटं वर. भरल्यावर 25 ग्रॅम टीसीएलची निवळी. माळवदाचं किंवा सिमेंट पत्र्याचं पाणी पिण्याला घेऊ नका.

ज्यांचे दात रंगलेत ते पूर्ववत होत नाहीत, पण आठ वर्षांखालच्या मुलांचं पाणी आताच बदललं तर पुढचे दात वाचतात. काळं मीठ आणि कोरा चहा मुलांना देऊ नका, दोन्हींत फ्लोराइड असतो. ताक, तीळ, आवळा, पेरू द्या. आणि अंगणवाडीतली खिचडी शिजते कोणत्या पाण्यात ते आजच बघा. पिण्याला टाकीचं आणि डाळ-तांदळाला हापशाचं पाणी वापरलं तर फ्लोराइड ताटातून पोटात जातोच.